ताईंनी पासवर्ड आरतीला सांगितला

दाजी, आत्या, सर, आणि क्लासमधल्या माझ्या सगळ्या बहिणींनो, भावांनो,

मी सोनाली. रत्नमालाताईंच्या हाताखाली याच खोलीत कॉम्प्युटर शिकले आणि पुढं याच खोलीत शिकवायला लागले. म्हणून मी बोललंच पाहिजे, असं दाजी म्हणाले. ताईंचे मिस्टर म्हणून नाही, तर घरातलं माणूस म्हणून ते म्हणाले, त्यामुळं नाही म्हणता आलं नाही.  

मी घरून लिहून आणलं होतं. खोडून, परत लिहून, नीट पाठ करून. पण माझ्या आधी जे बोलले त्यांनी माझं सगळं बोलून टाकलं. ताई मायाळू होत्या, हे झालं. उमरग्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या मुलींना त्यांनी कॉम्प्युटर शिकवला, हेही झालं. ताई कुणाला कधी रागावल्या नाहीत, असं एक वहिनी म्हणाल्या. वहिनी, तुमच्यावर रागावल्या नसतील. माझ्यावर रागवायच्या. ते तरी माझं माझ्याकडं राहू द्या.

आणि सर म्हणाले, ताईंनी कधी कुणात डावं-उजवं केलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. सर, तुमचा मान राखून सांगते, माझी मान हलली नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं की ताई डावं-उजवं करतात. आणि उजवी मी आहे, असं वाटत होतं.

मघापासून मी तिथं खुर्चीत बसून ऐकतेय. एकेक जण उठतोय आणि त्याच्या त्याच्या ताई सांगतोय. कुणाला ताईंनी आजारपणात डबा दिला, कुणाच्या लग्नात ताई आदल्या दिवशी जाऊन राहिल्या. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शोकसभेत माणसाला रडू यावं. मला रडू येतच आहे, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी येतंय. जळतंय आत. माझ्या ताई इतक्या जणांत वाटल्या गेल्या होत्या, हे मला आज कळतंय.

माझ्या घरात माझ्या आधी कुणी शाळेत गेलेलं नाही. आईला सही येत नाही, वडलांना येते, पण ती ते चित्र काढल्यासारखी काढतात. असं घर असलं की एक खोड लागते. आपलं चुकलं तर दुरुस्त करणारं घरात कुणी नसतं. म्हणून मी चूकच होऊ द्यायची नाही असं ठरवून टाकलं. कुलूप लावलं की ओढून बघते. चार पावलं जाऊन परत येते आणि परत ओढून बघते. पहिल्यांदा या खोलीत आले तेव्हा कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी मी हात धुऊन आले होते. ताई म्हणाल्या, "अगं, जेवायला बसायचं न्हाय आपल्याला."

ताईंकडची मशिनं तेव्हा सगळी जुनी होती आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. त्यातलं एखादं रुसायचंच. मग ताई आम्हाला शिकवायच्या की मशीन सुरू होताना, विंडोज जागं व्हायच्या आधी, एक क्षण असतो. त्या क्षणात ठरावीक बटण दाबलं तर मशीन आपल्याला आतल्या खोलीत घेतं. तिथं तारीख-वेळ असते, कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते असतं, मशिनचं सगळं मूळ तिथं असतं. क्षण चुकला की दार बंद. बंद करा, परत चालू करा, परत थांबा. आणि प्रत्येक मशिनचं बटण निराळं. एकाचं डिलीट, एकाचं एफ टू, एकाचं आणखी कुठलं.

मला तो क्षण सापडायचाच नाही. पडद्यावर खाली बारीक अक्षरात सूचना यायची, ती मी पूर्ण वाचायची. वाचून होईपर्यंत विंडोज आलेलं असायचं.

ताई म्हणायच्या, "सोनाले, ती पाटी वाचायची नसती. तू वाचंपर्यंत गाडी सुटती."

"मग कधी दाबायचं, ताई?"

"आधीपासनंच दाबत ऱ्हायचं. टकटक टकटक. दार उघडंपर्यंत."

"आणि जास्त वेळा दाबलं गेलं तर?"

"तर काय मशीन पोलिसात जातंय व्हय?"

तरी मला जमेना. तेव्हा ताई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. ताईंचं माहेर अणदूर, खंडोबाच्या देवळाजवळ. त्या म्हणाल्या, "चालू केलं की मनात येळकोट येळकोट म्हण. प्रत्येक येळकोटाला एकदा बटन. थांबायचं न्हाय." मी तसं केलं आणि पहिल्याच झटक्याला आतल्या खोलीचा निळा पडदा उघडला. ताईंनी माझ्या डोक्यावर टपली मारली. त्या दिवसापासून मी कुठलंही मशीन येळकोट म्हणतच उघडते. मला वाटायचं, ही युक्ती ताईंनी खास माझ्यासाठी काढली. माझी भीती बघून.

आज कळलं. मघाशी सलीम म्हणाला, त्याला ताईंनी दोनाचा पाढा म्हणायला लावला होता. ज्योतीवहिनींना म्हणे जात्यावरची ओवी. ज्याला जे पाठ, त्याला ते. हे ऐकून सगळे हसले. मी पण हसले. पण सलीम, खरं सांगू का, तुझा पाढा मला आवडला नाही.

आता आरतीकडं येते. आरती, तू मागं भिंतीला टेकून बसलीयस ते मी पाहिलंय. खाली बघू नकोस.

आरती क्लासला आली तेव्हा मी ताईंची मदतनीस झाले होते. खंडेनवमीच्या दिवसांत ती आली. ताईंची त्या दिवसाची एक रीत होती, इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. दाजी हायवेवरच्या ट्रक-दुरुस्तीच्या दुकानात पाने-हातोड्यांची पूजा करायचे आणि ताई इकडं कॉम्प्युटरची. पण ताई कुंकू लावायच्या ते कीबोर्डवर एकाच बटणाला. ज्या बटणानं त्या मशिनची आतली खोली उघडते, त्यालाच. म्हणायच्या, "पूजा बी झाली, खूण बी झाली." नवीन मुलगी आली की तिला सांगावं लागायचं नाही. कुंकवाचा डाग बघायचा आणि तेच दाबायचं.

त्या वर्षी कुंकू तेलात जरा पातळ कालवलं गेलं. दसरा झाला, क्लास उघडला, आणि एक मशीन चालू केलं की थेट आतल्या खोलीतच जायला लागलं. बाहेर काढलं की परत सुरू होऊन परत आत. मुली म्हणायला लागल्या, देवीनं आत बोलवून घेतलंय. मी काय केलं? मी शेजारचं मशीन पण आत नेलं आणि दोन्हीकडची एकेक ओळ ताडून बघत बसले. इकडं काय लिहिलंय, तिकडं काय लिहिलंय. दोन्हीकडं सारखंच होतं. सकाळ अशीच गेली.

आरती उशिरा आली. केस ओलेच होते. तिनं विचारलं काय झालं, आणि उत्तर ऐकायच्या आधीच कीबोर्ड उचलून उलटा केला आणि टेबलावर आपटला. खालून कुंकवाचा वाळका पापुद्रा पडला.

"अगं, बटनच आत दबून बसलंय की! सोनालीताई, तुमी मशिनला इचारत बसला, त्याला कोण दाबतंय ते बघितलंच न्हाय."

ताई हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत, पोट धरून खाली बसल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्याच हातचं कुंकू, आन् बोल लागला देवीला." मला ताईंचं ते हसणं अजून ऐकू येतं. आणि दरवेळी माझ्या मनात हेच येतं, की मी ताईंना असं कधीच हसवलं नाही.

त्यानंतर मशीन अडलं की ताई हाक मारायच्या, "आरते!" आणि अर्ज भरायचा असला, मराठी टायपिंग असलं, की "सोनाली, जरा बघ गं." म्हणायच्या, तुझ्याइतकं शुद्ध कुणाचंच नाही. गाणं म्हणायला दुसरीला बोलवायचं आणि आपल्याला सांगायचं, तुझ्या भाकरी छान होतात. तसं वाटायचं मला.

घरी आईला मी हे सांगितलं होतं. आई म्हणाली, "तुला पगार मिळतुया, मान मिळतुया, आजून काय पायजे?" आईला काय सांगू काय पाहिजे ते?

मग आरतीला सोलापूरला नोकरी लागली. ती गेली तेव्हा मी तिला पेढे दिले आणि मनापासून दिले. मनापासून म्हणजे, ती जातेय म्हणून. पण ती जाऊन काही उपयोग झाला नाही. दुपारी ताईंचा फोन वाजला की त्या बाहेर ओट्यावर जाऊन बोलायच्या. आत आल्या की मी विचारायची, "कोण होतं, ताई?" आणि मला उत्तर आधीच माहीत असायचं.

ताई गेल्या. सगळं इतकं लवकर झालं की त्याबद्दल मी आज बोलणार नाही, दाजींसमोर तर नाहीच.

तेरावं झाल्यावर दाजी ताईंचा लॅपटॉप घेऊन क्लासवर आले. म्हणाले, "सोनाली, ह्यात तिचं काय काय हाय, तेवढं बघ बाई." ह्यात काय आहे ते मला माहीत होतं. ज्या मुलींना घरचे क्लासला पाठवत नाहीत, त्यांच्यासाठी ताई घरी बसून धडे बोलून ठेवायच्या. कॉम्प्युटर कसा चालू करायचा इथपासून. ते सगळे धडे, ताईंच्या आवाजातले, फक्त त्या लॅपटॉपमध्ये होते. दुसरीकडं कुठं ठेवलेच नव्हते.

मी लॅपटॉप चालू केला. गोल गोल फिरत राहिलं आणि विंडोज आलंच नाही. दुरुस्तीचा पडदा आला. लॅपटॉपनं स्वतःच दुरुस्त करायला बघितलं आणि जमत नाही म्हणून थांबला. खाली पर्याय होते. त्यातला एक, सगळं पहिल्यासारखं कोरं करण्याचा. तुमच्या फायली राहतील, असं त्यात लिहिलेलं होतं. पण लिहिलेलं खरं निघेलच, असं मला कोण सांगणार? ताईंचा आवाज आत आणि माझं बोट त्या बटणावर. मी बोट काढून घेतलं.

पेन ड्राइव्हवरून सुरू करून बघावं म्हटलं. त्यासाठी आधी आतल्या खोलीत जायला हवं. मी येळकोट म्हणत बटण दाबलं, दार लगेच सापडलं. आणि दारावर पासवर्ड.

क्लासच्या मशिनना ताईंनी पासवर्ड घातले होते, पोरं आत जाऊन तारखा बदलतात म्हणून. ते मला ठाऊक होते. पण स्वतःच्या लॅपटॉपलाही घातलाय, हे मला सांगितलं नव्हतं. मला. रोज इथं असणाऱ्या मला.

दाजी शेजारी बसले होते. जरा वेळानं म्हणाले, "माझं नाव टाकून बघ."

मी टाकलं. नाही उघडलं.

दाजी म्हणाले, "असू दे. माझं नाव कशाला ठेवंल ती." आणि दाराकडं बघायला लागले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तुझं टाक."

दाजी, मी ते तुमच्यासमोर टाकायला नको होतं, पण तुम्ही म्हणायची वाटच बघत होते मी. माझं नाव टाकलं. तेही नाही. मग आम्ही दोघं त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. दोघांनाही कळत होतं दुसऱ्याला काय वाटतंय. 

दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, लॅपटॉपचा हा पासवर्ड आतला छोटा सेल काढला तरी जात नाही, खोलून डिस्क बाहेर काढू आणि दुसऱ्या मशिनला लावून बघू. दाजी दिवसभर ट्रकची इंजिनं खोलतात. पण ते म्हणाले, "तिच्या वस्तूला पेचकस लावायचा न्हाय." विषय संपला.

आणि मग आरतीचा फोन आला. ती रडत होती, मीही रडले. बोलता बोलता मी तिला लॅपटॉपचं सांगितलं. ती म्हणाली, "पासवर्ड ना? मला माहिताय की." चहात साखर आहे का विचारल्यावर कुणी सांगावं, इतकं सहज. "सांगू का?"

मी म्हणाले, "नको. तू ये."

फोनवर ऐकला असता तर काम तेव्हाच झालं असतं. पण मला तो तिच्या तोंडून ऐकायचा नव्हता. ती सुट्टी काढून आली. ताईंच्या घरी, ताईंच्या जागी बसली. मनात काही म्हणाली नाही, मोजलं नाही, एकदाच बटण दाबलं आणि आत गेली. पासवर्ड टाकताना मी तोंड भिंतीकडं केलं. तिला वाटलं असेल मी शिष्टाचार पाळतेय.

तिनं पेन ड्राइव्हवरून सुरू केलं, काय बिघडलं होतं ते नीट केलं, विंडोज आलं. धडे सगळे जागेवर होते. तिनं पहिला लावला. ताईंचा आवाज खोलीत आला. "तर बायांनो, वायर लावली का, आधी ते बघा." आणि मध्येच, धडा तोडून, मोठ्यानं, "अहो, दूध बघा!"

दाजी पलीकडच्या खोलीत होते. आम्ही पाहिलं, ते उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. मग तिथंच उभे राहिले.

त्या दिवशी मला कळलं की माझ्यापेक्षा जास्त हक्क कुणाचा आहे. तेवढा एक हक्क मी मान्य करते. फक्त तेवढाच.

दाजी परत बसल्यावर मी आरतीला बाहेर ओट्यावर नेलं. ज्या ओट्यावर बसून ताई तिच्याशी बोलायच्या, तिथंच. मी विचारलं, "ताईंनी तुला का सांगितला? मी इथं होते. रोज होते."

ती म्हणाली, "मी इचारला म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? ताई, तुमच्या लॅपटॉपचा पासवर्ड काय हाय, असं इचारलं. त्यांनी सांगितला. तुमी इचारला नव्हता?"

मी विचारला नव्हता. मी ताईंना कधीच काही विचारलं नाही, जे शिकवण्यातलं नव्हतं. ताईंना द्यायचं असेल तर ताई देतील, असं धरून बसले. मागितलं आणि नाही म्हणाल्या तर, ही भीती. त्यापेक्षा वाट बघणं सोपं.

आरती म्हणाली, "ताई तुमच्याबद्दल सारखं एकच बोलायच्या. ती पोरगी कधी काय मागतच न्हाय गं, म्हणायच्या. तिला द्यावं तरी कसं? द्यायला गेलं की हात धुवायला पळती."

हे ऐकून माझं समाधान व्हायला हवं होतं. तुम्हालाही वाटत असेल, झालं, आता हिचं मन शांत झालं असेल. नाही झालं. आज इथं उभी असताना सुद्धा नाही. कारण माझ्याबद्दलचं ते वाक्य, माझ्याबद्दलचं, ते सुद्धा ताईंनी आरतीलाच सांगितलं. मला नाही.

आरती, तुझा राग नाही येत मला आता. येतो, पण कमी येतो. तू त्या दिवशी जाताना म्हणालीस, पासवर्ड सांगून जाऊ का, आणि मी म्हणाले, राहू दे, आता काय काम आहे त्याचं. खोटं बोलले. काम आहे. धडे अजून मुलींना पाठवायचे आहेत, लॅपटॉप परत अडेल, आणि तू प्रत्येक वेळी सोलापूरहून येणार नाहीस. पण ते कारण नाही. कारण एवढंच की तो मला हवाय.

तर आरती, एवढ्या लोकांत मी तुझ्याकडं मागतेय. मला तो पासवर्ड पाहिजे. इथं नको सांगूस, सभा संपल्यावर थांब, मी पण थांबते. आणि मला एकटीलाच सांग. सलीमला नको.

आता सगळ्यांनी उभं राहू या. थोडा वेळ कुणीच काही बोलू नये. ज्यानं त्यानं आपापल्या ताई आठवाव्यात. कुणाच्या ताई जास्त, कुणाच्या कमी, हे मी या वेळात तरी मोजणार नाही. प्रयत्न करते.

ताई, मागितलं बघा मी. नमस्कार करते.